तटस्थ देशांचा आजच्या युद्धांत खरंच काही उपयोग आहे का?

इतकी वर्षं कोणत्याच लष्करी गटात नसलेला फिनलंड २०२३ मध्ये नाटो या अमेरिकेच्या लष्करी गटात गेला, तसाच स्वीडन २०२४ मध्ये. मग तटस्थता म्हणजे काठावर बसून गंमत बघण्याची सोयच ना, असं तुम्ही विचारलंय. स्वतःच्या बचावापुरतं बोलायचं तर तुमचं बरोबर आहे. पण भांडण सोडवायला तिऱ्हाईत लागतोच, आणि ते काम काठावर बसून होत नाही.

१९५३ चं कोरियाचं युद्ध घ्या: एका बाजूला उत्तर कोरिया आणि चीन, दुसऱ्या बाजूला दक्षिण कोरिया आणि अमेरिका. मायदेशी जायचंच नाही म्हणणारे २२ हजारांवर चिनी आणि उत्तर कोरियन कैदी अमेरिकेच्या बाजूकडे होते. त्यांचं काय करायचं यावर तहाची बोलणी वर्षाहून जास्त अडली होती. शेवटी स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया आणि अध्यक्ष भारत, असा आयोग नेमला. अध्यक्ष जनरल थिमय्या, आणि कैदी सांभाळणाऱ्या भारतीय फौजेचे प्रमुख आपले कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही भारतीय जवानांना आपल्या जमिनीवर पाय ठेवू देईनात, म्हणून त्यांना हेलिकॉप्टरने थेट दोन्ही कोरियांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात उतरवावं लागलं. इथपासून सुरुवात!

प्रत्येक कैद्याला तंबूत आणायचं, त्याच्या देशाच्या अधिकाऱ्यांनी समजूत घालायची, मग बाहेर पडायला दोन दारं: एक मायदेशाचं, दुसरं नकाराचं. बहुतेक कैदी तंबूपर्यंत यायलाच तयार नव्हते. त्यांनी एका भारतीय मेजरला ओढून नेऊन ओलीस धरलं, तेव्हा थोरात स्वतः आत गेले आणि त्याला सोडवून आणलं. पुढच्या दंग्यांत मात्र गोळ्या झाडाव्या लागल्या, काही कैदी मेलेही. मुदत संपल्यावर उत्तरेला ती वाढवून हवी होती, समोरच्यांना कैदी मोकळे करायचे होते. जानेवारी १९५४ मध्ये भारताने कैदी ज्या बाजूने पकडले होते तिच्याच हवाली परत केले आणि दोन्हीकडच्या शिव्या खाल्ल्या. पण वर्षभर तह अडवून धरणारा प्रश्न निकालात निघाला.

आणि तटस्थ आहोत असं आपणच म्हणून भागत नाही. त्या आयोगातले पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया तेव्हा कम्युनिस्ट होते, तरी चालले, कारण दोन्ही बाजूंनी आपापले दोघे निवडले होते. उलट स्वित्झर्लंड बघा. इराणमध्ये अमेरिकेचा दूतावास नाही, म्हणून १९८० पासून तिथे अमेरिकेचं काम तोच बघतोय. पण २०२२ मध्ये त्याने रशियावर निर्बंध घातले, आणि मॉस्कोत युक्रेनचं काम बघायची वेळ आली तेव्हा रशियाने ‘तुम्ही आता तटस्थ नाही’ म्हणून वाटेला लावलं. त्याच वर्षी काळ्या समुद्रातून धान्य बाहेर काढण्याचा करार इस्तंबूलमध्ये झाला, संयुक्त राष्ट्रांसोबत मध्यस्थ होता नाटोचा सदस्य तुर्कस्तान. कतारमध्ये अमेरिकेचा मोठा तळ आहे आणि हमासशी बोलणीही तिथे झाली आहेत. कागदोपत्री यातलं कुणीच स्वित्झर्लंडइतकं तटस्थ नाही, पण फोन केला तर दोन्ही बाजू उचलतात.