अपील केलंत, आता वाट बघणं आलं

आयकराच्या आदेशाविरुद्ध अपील करून आठ महिने झाले, निकाल नाही, म्हणून कंटाळलात? माझं पहिलं अपील आयकर आयुक्तांपुढे तीन वर्षं पडून होतं. अपील केलं ते आर्थिक वर्ष संपल्यापासून वर्षभरात निकाल द्यावा असं कायदा म्हणतो खरा, पण 'शक्य असेल तिथे'. त्यातच सगळं आलं.

सध्या तीनच गोष्टी सांभाळा.

१. ईमेल. फेसलेस पद्धतीत, म्हणजे समोरासमोर न भेटता सगळं ऑनलाइन, नोटीस आयकराच्या पोर्टलवर आणि मेलवर येते, उत्तराला दिवस थोडेच असतात. पोर्टलवर सीएंच्या ऑफिसचा मेल असेल तर आजच बदला. माझी एक नोटीस तिथली नोकरी सोडून गेलेल्या मुलाच्या इनबॉक्समध्ये पडून राहिली होती! आता दर सोमवारी सकाळच्या चहाबरोबर लॉगिन करतो.

२. मागणीची रक्कम, म्हणजे आदेशात तुमच्याकडून मागितलेला कर. नवखे इथेच फसतात. अपील केलं म्हणजे वसुली थांबली, असं नसतं. वसुली थांबवण्यासाठी स्थगितीचा अर्ज निर्धारण अधिकाऱ्याकडे (ज्याने कर ठरवला त्याच्याकडे) वेगळा करावा लागतो. साधारणपणे वादातल्या रकमेच्या २० टक्के भरल्यावर ती मिळते. नाहीतर पुढचे रिफंड परस्पर या मागणीत वळते होतात. शिवाय न भरलेल्या रकमेवर महिना १ टक्का व्याज चढत राहतं, हरलात तर तेही तुमच्याच डोक्यावर. जमलं तर तेवढे पैसे वेगळ्या एफडीत टाका. मला तेव्हापासून नीट झोप लागायला लागली.

३. कागद. स्कॅन करून ठेवा. जुनी स्टेटमेंटं द्यायला बँका कुरकुरतात.

इथे हरलात तर पुढचं अपील न्यायाधिकरणाकडे, त्याचं वेळ आल्यावर बघू. स्थगितीचा अर्ज केलाय का, ते आधी सांगा.