जुन्या कन्सोलवर नाच: वाचकांचे प्रश्न

प्रश्न (गिरगाव): घरी जुना निन्टेंडो वी हा गेम कन्सोल आहे. नव्या टीव्हीला लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांची जागाच नाही, म्हणून एचडीएमआय कन्व्हर्टर लावला. चित्र येतं, पण ‘जस्ट डान्स’ या नाचाच्या खेळात मुली अगदी बरोबर नाचल्या तरी गुण पडत नाहीत. सेन्सर बार बदलावा का?

उत्तर: सेन्सर बारवर पैसे घालू नका. त्या पट्टीच्या दोन टोकांना नुसते इन्फ्रारेड दिवे असतात आणि त्यांचं काम मेन्यूत निवड करण्यापुरतं. गाणं सुरू झालं की हिशेब होतो तो रिमोटमधल्या सेन्सरवर. तो हाताच्या वेगातला बदल टिपतो आणि ब्लूटूथने कन्सोलला कळवतो.

तुमच्याकडे बहुधा चित्र उशिरा पोचतंय. नवे टीव्ही प्रत्येक फ्रेम घासूनपुसून मगच दाखवतात. मुली पडद्यावर पाहून हात उचलेपर्यंत खेळाच्या हिशेबात ताल पुढे गेलेला असतो. खात्री करून घ्या: वीच्या मुख्य मेन्यूत रिमोट झटकन डावीउजवीकडे हलवा. पडद्यावरचा हात रेंगाळत मागून आला, तर उशीर टीव्हीतच आहे. पिक्चर सेटिंगमध्ये गेम मोड लावा, हालचाल गुळगुळीत करणारा पर्याय बंद करा. आवाजासाठी ब्लूटूथ स्पीकर जोडला असेल तर तो काढून वायरचा लावा, कारण त्यातून ठेकाही मागे पडतो. कन्व्हर्टर थेट वीच्या मागच्या सॉकेटमध्ये बसणारा असेल, तर कन्सोलच्या स्क्रीन सेटिंगमध्ये ४८०पी निवडा; चित्र स्वच्छ दिसेल.

आता रिमोट धरण्याबद्दल. तो उजव्याच हातात हवा, दोरी मनगटात अडकवलेली. पडद्यावरची नर्तकी आरशासारखी नाचते. तिच्या ज्या हातात रंगीत हातमोजा आहे, तोच तुमचा रिमोटचा हात. मुली सुंदर, लयीत हात फिरवत असतील आणि तरी गुण कमी पडत असतील, तर कारण हेच, की संथ फिरणाऱ्या हातात सेन्सरला टिपण्यासारखं फारसं काही नसतं. ठेक्यावर हात ठाम थांबवायला सांगा.

मध्येच रिमोटची जोडणी तुटत असेल तर बॅटरीचं झाकण उघडून बघा. मुंबईच्या पावसाळ्यात विसरून राहिलेले दोन पेन्सिल सेल पाझरतात आणि स्प्रिंगवर पांढरट-हिरवी बुरशीसारखी पूड चढते. कापसाच्या काडीला थोडं व्हिनेगर लावून ती पुसा, पूर्ण वाळू द्या, मग नवे सेल घाला. जोडणी परत करायला लाल बटण दाबायचं: एक रिमोटच्या झाकणाखाली, दुसरं कन्सोलच्या एसडी कार्डाच्या दारामागे.

प्रश्न (विक्रोळी): आमची खोली १० बाय १२ फूट. एक्सबॉक्स ३६० चा काइनेक्ट (अंगाची हालचाल टिपणारा कॅमेरा) दोघांना ओळखत नाही.

उत्तर: एका माणसाला कॅमेऱ्यापासून साधारण ६ फूट, दोघांना ८ फूट अंतर लागतं. म्हणून टीव्ही १२ फुटी बाजूच्या टोकाला ठेवा आणि पलंग आडवा येत असेल तर तो सरकवा. काइनेक्ट जमिनीपासून २ ते ६ फूट उंचीवर असू द्या. खिडकीतलं थेट ऊन त्याच्या इन्फ्रारेडला अडवतं, तेव्हा दुपारी पडदा ओढा. सैल कुर्ता आणि लोंबती ओढणी असली की त्याला हातपायांची रेघ सापडत नाही. जुना, जाडा एक्सबॉक्स असेल तर काइनेक्टला वेगळा पॉवर अडॅप्टर लागतो.

प्रश्न (लालबाग): खालच्या मजल्यावरच्या आजी धपधप होते म्हणतात. आमच्याकडे वी आहे.

उत्तर: मग उडी मारायची गरजच नाही. वी पाय बघत नाही. सतरंजी फरशीवर सरकते, ती काढा. जाड रबरी चटई घाला, अनवाणी नाचा आणि उडीच्या जागी गुडघे वाकवा. हात तेवढा नीट चालला की गुण पूर्ण मिळतात.