वाचकांचे प्रश्न : सुरुवातीला काहीच वाजत नाही, फाइल खराब आहे का?

प्रश्न : ताई नमस्कार. मी सोलापूरचा, अशोक चौकाजवळ आमचे चार पॉवरलूम आहेत, खाली लूम आणि वर घर. टॉक टॉक या इंग्लिश बँडचं ‘इट्स माय लाइफ’ मला फार आवडतं म्हणून मित्र म्हणाला त्यांचा शेवटचा अल्बम ऐक, ‘लाफिंग स्टॉक’. लावला तर आधी नुसताच सूंऽऽ आवाज, मला वाटलं इअरफोन गेले. दुसरं गाणं ऐन रंगात आलं आणि लाइट गेल्यासारखं फट्‌कन बंद. तिसऱ्यात एकच सूर मिनिटभर किंचाळतो. फाइल खराब आहे का मलाच कळत नाहीये? आणि चांगली चाललेली गाणी सोडून हे असं का केलं त्यांनी?

उत्तर : फाइल एकदम चांगली आहे, इअरफोनही चांगले आहेत, आणि तुझे कान तर फारच चांगले आहेत कारण ज्या तीन जागी तू अडखळलास तिथंच त्या अल्बमचा जीव आहे.

तो सूं गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या अ‍ॅम्पचा. अ‍ॅम्प चालू आहे, अजून कुणी तारेला हात लावलेला नाही, आणि अशी साधारण 18 सेकंदं त्यांनी मुद्दाम ठेवली. दुसरं गाणं ‘असेन्शन डे’ बरोब्बर सहा मिनिटांवर कापलंय. सूर हळूहळू मिटवत नेला असता तर आपल्याला कळलं असतं की आता संपतंय, इथं ती सोय नाही, म्हणून पोटात खड्डा पडतो. आणि तिसऱ्या ‘आफ्टर द फ्लड’मधला तो किंचाळणारा सूर व्हेरिओफोनचा, फुंकून वाजवायचं एक इलेक्ट्रॉनिक वाद्य आहे ते. बँडचा गायक मार्क हॉलिस म्हणायचा की दोन सूर वाजवण्याआधी एक सूर वाजवायला शिका, आणि तो एकसुद्धा कारण असेल तरच वाजवा. ती सोलो त्या म्हणण्यासारखीच आहे बघ.

असं का केलं? 1982 ते 1986 त्यांचे अल्बम चालले, तिसरा ‘द कलर ऑफ स्प्रिंग’ तर खूपच. त्या यशाच्या जोरावर त्यांना स्टुडिओत मोकळा वेळ मिळाला आणि 1988 ला ‘स्पिरिट ऑफ ईडन’ आला, ज्यात पॉप जवळजवळ संपलेलंच होतं. मग बेस गिटारवाला पॉल वेब बँड सोडून गेला, रेकॉर्ड कंपनी बदलली, आणि हॉलिस, ड्रमर ली हॅरिस आणि निर्माता टिम फ्रीज-ग्रीन असे तिघं 1990 च्या सप्टेंबरात लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत शिरले ते पुढचे सात महिने. स्टुडिओत अंधार, घड्याळं काढून ठेवलेली, भिंतीवर प्रोजेक्टरचे रंग हलतायत एवढाच काय तो उजेड. जवळपास 50 वादक येऊन वाजवून गेले आणि अल्बममध्ये राहिले 18. तासन्‌तास वाजवून घ्यायचं आणि त्यातले चार सूर ठेवायचे, बाकी सगळं पुसून टाकायचं. ड्रमचा माइकसुद्धा लांब ठेवलेला, म्हणून ड्रमसोबत ती अख्खी खोली ऐकू येते.

तू लूमच्या घरातला आहेस, तुला हे माझ्यापेक्षा लवकर कळेल. आमच्याकडे लोडशेडिंगच्या दिवसांत दुपारी लाइट गेली की अख्ख्या पेठेची खटाखट एकदम थांबायची, आणि मग शेजारच्या घरातली फोडणी ऐकू यायची, कुणीतरी शेंगा कुटतंय ते ऐकू यायचं, आजीचा श्वाससुद्धा. ते आवाज आधीपण होतेच की, कान मात्र तेव्हा उघडायचे. हा अल्बम मला त्या दुपारसारखा वाटतो.

तेव्हा लूम बंद झाल्यावर रात्री ऐक. सुरुवातीचा सूं जेमतेम ऐकू येईल एवढाच व्हॉल्यूम ठेव आणि मग शेवटपर्यंत हात लावू नको. सहाच गाणी आहेत, 43 मिनिटं. एकदम जमत नसेल तर आधी पाचवं, ‘न्यू ग्रास’. साडेनऊ मिनिटं हॅरिस एकच ठेका धरून बसलाय, लूमच्या धोट्यासारखा, आणि त्याच्यावर गिटार आणि ऑर्गन येतात, थांबतात, परत येतात. इतकं प्रेमळ गाणं मी फार कमी ऐकलंय.

1991 च्या सप्टेंबरात अल्बम आला आणि बँड तिथंच संपला. हॉलिसने 1998 ला स्वतःच्या नावाने अजून एक शांत अल्बम केला, मग गाणं सोडून घरच्यांसोबत राहिला. 2019 च्या फेब्रुवारीत तो गेला, 64 वर्षांचा होता. आज पोस्ट-रॉक म्हणून, म्हणजे रॉकचीच वाद्यं घेऊन रॉकपेक्षा वेगळं, जे वाजतं त्याची पाळंमुळं टॉक टॉकच्या शेवटच्या दोन अल्बमांत सापडतात.

प्रश्न : माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे, रोज रात्री अंधार करून हाच अल्बम ऐकतो. गाणारा काय म्हणतो ते कळत नाही, सगळं रडकं वाटतं. पोरगं उदास तर होणार नाही ना? (एक आई, जुळे सोलापूर)

उत्तर : वहिनी, हॉलिस शब्द तोंडातल्या तोंडातच म्हणतो, इंग्रजी येणाऱ्यांनाही पहिल्या खेपेला कळत नाहीत, तेव्हा ते सोडा. मुलाचं जेवणखाण, मित्र, अभ्यास नीट चालू असेल तर या ऐकण्याची काळजी करू नका. जेवण कमी झालं, बोलणं तुटलं तर मात्र आधी त्याच्याशी बोला. आणि एका रात्री जाऊन त्याच्या शेजारी बसा, दुसरा इअरफोन मागून घ्या. शेवटचं गाणं पाच मिनिटांचं आहे, त्यातला ऑर्गन इतका हळू वाजतो की पंखा बंद करावा लागतो. आपल्या मे महिन्यात ते शक्य नाही, जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या थंडीत जमेल.