बिनधास्त विचारा : खालचं दुखणं कोणाले सांगावं?

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं पुरुषांची आहेत आणि त्यातली अर्धी "माझ्या एका मित्राला" अशी सुरू होतात. मित्राला सांगा की उत्तर खाली आहे.

प्रश्न : डॉक्टरसाहेब, वय 46, धानाची शेती आहे, वडसा भागात राहतो. पाच-सहा वर्षं झाले एका बाजूची गोटी सुजून आहे, आता तं नारळाएवढी झाली. दुखत नाही पण सायकलवर बसता येत नाही अन पोरीच्या लग्नात पँट घालाची लाज वाटली. गावात म्हणतात ऑपरेशन केलं तं माणूस कामातून जाते. गोळ्यानं जिरंल का?

उत्तर : नाही भाऊ, गोळीनं नाही जिरणार. तुम्ही सांगता त्यावरून हायड्रोसिल वाटतं, म्हणजे गोटीभोवती (अंडाभोवती) जी पिशवी असते तिच्यात पाणी साचलेलं. पण हे कागदावर ठरत नाही, बघावंच लागतं, कारण अंतर्गळ (हर्निया) पण असाच दिसतो, फरक एवढा की अंतर्गळ सहसा आडवं झाल्यावर आत जातो आणि खोकलं की फुगतो. आत जाणारा अंतर्गळ एखाद्या दिवशी अडकला आणि दुखायला लागलं, उलट्या झाल्या तर त्याच घटकेला दवाखाना.

आपल्याकडं गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, नागपूर या पट्ट्यात हायड्रोसिलचं एक मोठं कारण हत्तीरोग आहे. नालीतल्या घाण पाण्यात होणारा क्यूलेक्स डास चावतो, त्याच्यातून जंत अंगात जातात, रसवाहिन्यांत वर्षानुवर्षं राहतात आणि मग कोणाचा पाय सुजतो कोणाच्या गोटीत पाणी भरतं. लोकांना वाटतं हत्तीरोग म्हणजे फक्त पाय! या जंतांची पिल्लं रक्तात रात्रीच वर येतात म्हणून तर रक्त घ्यायला आरोग्य खात्याचा माणूस रात्री दार वाजवतो, त्याला हाकलू नका. हत्तीरोगाच्या मोहिमेत ज्या गोळ्या मिळतात (नागपूर जिल्ह्यात 2019 पासून दोनाऐवजी तीन औषधं द्यायला लागले) त्या जंतांसाठी असतात, त्या घ्याच, घेतल्यावर एखाद्याला ताप-चक्कर आली तर बऱ्याचदा जंत मरत असल्यानं येते. पण आधीच साचलेलं पाणी त्यानं जात नाही.

पाणी जातं ऑपरेशननं. आता कामातून जायची गोष्ट. या ऑपरेशनात गोटी काढत नाहीत, भोवतीची पिशवी उघडून उलटवतात नाहीतर कापतात, बहुतेक वेळा कंबरेत इंजेक्शन देऊन. ताकद, संबंध, सगळं जागेवर राहतं. काही आठवडे वजन उचलायचं नाही एवढंच, म्हणून रोवणी-कापणीच्या मधे तारीख घ्या. सरकारी दवाखान्यात हे मोफत होतं, शिबिरं पण लागतात, आशाताईला किंवा पीएचसीतल्या आरोग्यसेवकाला विचारा. सुई टोचून पाणी काढून देतो म्हणणाराही कोणीतरी भेटंल, त्याच्या नादी लागू नका, पाणी परत भरतं आणि पू व्हायची भीती वेगळी.

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. मागल्या महिन्यात रात्री त्याचं पोट दुखत होतं, उलटी झाली, मी ओवा-पाणी दिलं, तासाभरानं थांबलं. आता सांगतो की पोट नाही, खाली दुखत होतं अन एक बाजू वर चढल्यासारखी झाली होती. आता काहीच नाही. तर दाखवायची गरज आहे का?

उत्तर : ताई, आहे, आणि याच आठवड्यात. या वयात गोटी आपल्याच दोरीवर पिळून जाऊ शकते, रक्त बंद होतं. कधी पीळ आपोआप सुटतो, तुमच्या मुलाचं तसंच झालेलं असू शकतं, पण पुढच्या वेळी सुटंलच असं नाही. सहा तासांच्या आत पीळ सोडवला तर गोटी बहुतेक वाचते, त्यानंतर तासातासाला आशा कमी होते आणि शेवटी काढावी लागते. सर्जनला दाखवून ठेवा, संशय पक्का वाटला तर ते दोन्ही बाजू टाके घालून जागेवर बसवून देतात, पुन्हा पिळायची भीती जवळपास राहत नाही. आणि परत एकदम दुखलं तर सकाळची वाट बघू नका, 108 बोलवा आणि जिथं ऑपरेशन होते तिथंच जा, आधी गावात मलम, मग तालुक्याला सोनोग्राफी असं करत बसलं की सहा तास रस्त्यातच संपतात. वाढत्या वयाचा पोरगा "पोट दुखतं" म्हणाला तर बापानं एकदा खाली पण विचारावं, आईला पोरं सांगत नाहीत. तुमच्या मुलानं सांगितलं, हे चांगलंच झालं.

प्रश्न : आर्णी तालुका. लग्नाले चार वर्षं झाले, मूल नाही. बायकोच्या सगळ्या तपासण्या नॉर्मल. आई म्हणते दुसरी कर. माझी तपासणी लागते का?

उत्तर : तुमची तपासणी केव्हाच व्हायला पाहिजे होती, सगळ्यात स्वस्त आणि बिनटोचणीची तीच आहे! मूल न होणाऱ्या जवळपास अर्ध्या जोडप्यांत पुरुषाचा वाटा असतो. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता वीर्य तपासायला द्यायचं, शक्यतो लॅबमधेच. एका मिलिलिटरमधे 1 कोटी 60 लाखाच्या खाली शुक्राणू असले तर कमी धरतात, पण एका रिपोर्टवर घाबरू नका, परत करायचं असते. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, म्हणून आज खर्रा (तंबाखू-सुपारीचा) सोडला तर फरक तीन महिन्यांनी मोजायचा. हो, खर्रा सोडाच, बिडी पण. डाव्या बाजूला शिरांचा गुंता हाताला लागतो का ते डॉक्टर उभं करून बघतील, त्याला व्हेरिकोसिल म्हणतात, दर शंभरात पंधराएक पुरुषांना असतो आणि बहुतेकांना काही करावं लागत नाही, रिपोर्ट कमी असंल तरच विचार.

फवारणी करता का ते लिहिलं नाही तुम्ही. 1977 मधे कॅलिफोर्नियातल्या एका कीटकनाशक कारखान्यात कामगारांना आपसात बोलताना समजलं की आपल्यापैकी बऱ्याच जणांना मूल होत नाहीये, तपासलं तर डीबीसीपी नावाच्या औषधानं शुक्राणू संपले होते. आता तुम्ही कापसावर मारता ते तेच नाही, पण हातमोजे, मास्क, फवारणीचे कपडे वेगळे धुणं, हे यवतमाळात 2017 ला फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर दगावले त्यानंतर मी वेगळं सांगायला नको. ताकदीसाठी जिममधले टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन कोणी देत असंल तर हात जोडा, त्यानं शुक्राणू उलट कमी होतात.

आईला रिपोर्ट दाखवा, दुसऱ्या बायकोचं मग बघू.

प्रश्न : वय 18. लघवीतून धात जाते, अंग वाळत चाललं. रोडवरच्या तंबूवाल्यानं 6000 चं पॅकेज सांगितलं.

उत्तर : 6000 वाचवा. झोपेत वीर्य जाणं या वयात होतंच, त्यानं अंग वाळत नाही, आणि लघवी पांढरी दिसते ती बऱ्याचदा क्षारांमुळं. ही भीती इतकी जुनी आहे की मनोविकारतज्ज्ञ डॉ. विग यांनी 1960 मधे तिला धात सिंड्रोम असं नावच देऊन टाकलं. तंबूवाल्याच्या पाटीबद्दल सांगायचं तर अशा ताकदीच्या जाहिराती 1954 च्या कायद्यानं बंद आहेत, तरी हायवेनं जा, पाट्या आहेतच. तू 19 पर्यंतच्या पोरांसाठी असलेल्या मैत्री क्लिनिकमधे जा, ग्रामीण रुग्णालयात विचार. झोप, भूक, मन याबद्दल पण तिथं बोल. जळजळ, पू किंवा फोड असंल तर मात्र सुरक्षा क्लिनिक (गुप्तरोगाचं सरकारी क्लिनिक), तिथं लग्न झालं का असं कोणी विचारणार नाही, निदान विचारू नये.

प्रश्न : समोरासमोर बोलायची लाज वाटते, फोनवर होते का?

उत्तर : होते. 104 वर आरोग्य सल्ला, एचआयव्ही-गुप्तरोगासाठी 1097, आणि सरकारच्या ई-संजीवनीवर मोबाईलमधूनच डॉक्टर दिसतो, नेट नसंल तर उपकेंद्रातून लावून देतात. यूट्यूबवर बघणार असाल तर जो शेवटी औषधाची बाटली विकतो तो बंद करा. पण गोटीत टणक, न दुखणारी गाठ लागली, वय विशी-तिशी असलं तरी, तर फोन नाही, सरळ सर्जन, कारण गोटीचा कॅन्सर याच वयात होतो आणि लवकर सापडला तर बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो.