स्पीड भरपूर, तरी आवाज का तुटतो?

या खेपेची निम्म्याहून अधिक पत्रं एकाच तक्रारीची आहेत: "प्लॅन वाढवला, तरी नेट तसंच." बेळगाव जिल्ह्यात निपाणीपासून खानापूरपर्यंत सगळ्यांना हा एकच इलाज कुणीतरी सांगून ठेवलेला दिसतो. निवडक प्रश्न घेतो. ज्यांचं उत्तर एका ओळीत भागतं त्यांना एकच ओळ मिळेल, राग मानू नये.

प्रश्न (शहापूर): 100 एमबीपीएसचे पैसे भरतो, पण फाइल उतरवताना आकडा 12 च्या वर जात नाही. कंपनी फसवते का?

नाही. प्लॅन मेगाबिटमध्ये असतो आणि फाइल मेगाबाइटमध्ये, आठ बिटांचा एक बाइट, तेव्हा 8 ने भागा.

प्रश्न (जांबोटी, ता. खानापूर): पावसात फायबरमध्ये पाणी शिरतं म्हणून नेट मंद होतं, असं लाइनमन म्हणतो. चार महिने असंच काढायचं का सर?

काचेतून जाणाऱ्या प्रकाशाला पाऊस लागत नाही. पाणी शिरतं ते जोडाच्या डब्यात. फांदी पडून केबलला घडी बसते, टोकं मळतात, आणि तुमच्यापर्यंत प्रकाश कमी पोचतो. हे मोजता येतं. घरातल्या डब्याला किती प्रकाश मिळतो तो आकडा डीबीएम या मापात येतो. उणे 20 च्या आसपास असेल तर छान. उणे 27 च्या पलीकडे गेला की नेहमीच्या जीपॉन डब्याला (फायबरचं टोक जोडतात तो घरातला डबा) वाचन जमत नाही, चुका वाढतात आणि अडखळणं सुरू होतं. लाइनमनकडे पॉवर मीटर असायलाच हवा. तो लावून आकडा तुमच्यासमोर वाचायला सांगा आणि तारखेसकट लिहून ठेवा. पुढच्या वेळी "पाऊस आहे हो" हे उत्तर चालवून घेऊ नका.

छतावर डिश लावून टॉवरवरून नेट घेत असाल तर गोष्ट वेगळी. तिथे 5 गिगाहर्ट्झच्या लहरींना थेंबांपेक्षा पावसाळ्यात माजलेली ओली झाडं जास्त आड येतात, शिवाय वाऱ्याने डिशचं तोंड फिरतं. दुरुस्तीला माणूस बोलवा, ओल्या छतावर स्वतः चढू नका.

प्रश्न (टिळकवाडी): मुलगा पुण्याच्या कंपनीचं काम घरून करतो. मीटिंगमध्ये त्याचा आवाज तुटतो, समोरचे "हॅलो हॅलो" करत बसतात. 50 चा प्लॅन 200 चा केला, काडीचा फरक नाही. आता 500 चा घ्यावा असं एजंट म्हणतो. स्पीड टेस्टचा फोटो सोबत जोडला आहे. घरात चार कॅमेरे आहेत, त्यांचं रेकॉर्डिंग क्लाउडवर जातं.

घेऊ नका. आणि हे उत्तर त्या एजंटलाही वाचायला द्या.

तुमच्या फोटोत डाऊनलोड 200 आहे, अपलोड मात्र 10. मुलाचा आवाज घराबाहेर जातो तो या दहातून. जाहिरातीत मोठ्या अक्षरात छापतात तो आकडा येणाऱ्या वाटेचा असतो. जाणाऱ्या वाटेबद्दल विचारल्याशिवाय कुणी बोलत नाही. चार कॅमेरे प्रत्येकी 2 धरले तर 8 तिथेच संपले. त्यात संध्याकाळी कुणाचा तरी फोन दिवसभराचे फोटो वर चढवू लागतो. असं काम मिळेल तेवढी वाट घेतं, अडेपर्यंत थांबत नाही.

वाट भरली म्हणून आवाज तुटलाच पाहिजे असं नाही. खरं दुखणं आहे रांगेचं. वाट भरली की राउटर जादा पॅकेट, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, फेकून न देता आपल्या पोटात साठवतो. पॅकेट पडलं तर पाठवणारा फोन समजतो की गर्दी झाली, आणि हात आखडता घेतो. पण पोट मोठं असल्यामुळे पॅकेट पडतच नाही, फोन ढकलत राहतो आणि रांग लांबत जाते. 1 मेगाबाइटचं साठवण आणि 10 मेगाबिटची वाट धरा: रांगेच्या शेवटी उभ्या राहिलेल्या पॅकेटला बाहेर पडायला 0.8 सेकंद. तुमच्या मुलाचं "येस सर" त्याच रांगेत, फोटोंच्या मागे उभं असतं. संभाषणासाठी एका बाजूचा उशीर 150 मिलीसेकंदांच्या आत असावा, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची जी.114 ही शिफारस सांगते. इथे एकट्या राउटरमध्ये 800 गेले. 500 चा प्लॅन घेऊन अपलोड 10 च राहिलं, तर टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटवर फाटक बंद असताना पलीकडचा रस्ता रुंद करण्यातला प्रकार झाला.

तुमच्या घरी हेच होतंय का, ते स्वतः पाहा. कॉम्प्युटर वायरने राउटरला जोडा, वाय-फायवर नको. सगळं शांत असताना कमांड प्रॉम्प्टमधून 8.8.8.8 ला (हा गूगलचा सर्व्हर) सतत पिंग लावा, म्हणजे छोटा निरोप पाठवून उत्तर किती वेळात येतं ते मोजा. समजा उत्तर 15 ते 25 मिलीसेकंदांत येतंय. आता दुसऱ्या फोनवरून एखादा मोठा व्हिडिओ वर चढवा आणि पिंगच्या ओळी बघत राहा. 20, 22, मग 90, 240, 600 असे आकडे चढू लागले आणि व्हिडिओ थांबवताच पुन्हा 20 वर आले, तर रोग सापडला. इंग्रजीत त्याला बफरब्लोट म्हणतात. आकडे चढलेच नाहीत, तर दोष वाय-फायचा किंवा पुढच्या लाइनचा आहे.

यावर औषध आहे, तेही जुनं. 2012 साली कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी कोडेल नावाची पद्धत मांडली. रांग किती लांब आहे ते न बघता, पॅकेट रांगेत किती वेळ थांबलं ते बघायचं. हा वेळ 100 मिलीसेकंदभर सलग 5 मिलीसेकंदांच्या वर राहिला की एखादं पॅकेट मुद्दाम टाकून द्यायचं, म्हणजे पाठवणारा भानावर येतो. पुढे प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग देणारी एफक्यू-कोडेल आली, 2018 मध्ये तिचं सविस्तर तांत्रिक वर्णनही प्रसिद्ध झालं. बारीकसा आवाज मग फोटोंच्या ढिगामागे अडकत नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये एसक्यूएम, एफक्यू-कोडेल किंवा केक (ही सगळी रांग आवरण्याच्या सोयींची नावं) यांपैकी काही दिसलं तर ते चालू करून अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या 90 टक्के ठेवा, म्हणजे तुमच्या बाबतीत 9. रांग कंपनीच्या डब्यात न लागता आपल्या राउटरमध्ये लागावी, कारण आपल्याला आवरता येते ती आपलीच रांग. एक मेगाबिट गेलं म्हणून हळहळू नका.

आणि कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग घरच्या डीव्हीआरमध्ये ठेवा, क्लाउडवर फक्त हालचाल झाली तरच पाठवा. राउटर कंपनीचा असेल तर त्याचं सॉफ्टवेअर स्वतः बदलायला जाऊ नका. पिंगचे आकडे घेऊन जाणकार माणसाकडे जा.

प्रश्न (निपाणी): दुकानदार 12 हजारांचा गेमिंग राउटर घ्या म्हणतो. त्यात क्यूओएस (कुठल्या कामाला आधी वाट द्यायची ते ठरवणारी सोय) आहे, पॅकेटवर प्राधान्याचा शिक्का मारतो, थेट सर्व्हरपर्यंत रस्ता मोकळा होतो असं सांगितलं.

थेट सर्व्हरपर्यंत काही होत नाही. हा शिक्का म्हणजे डीएससीपी, सहा बिटांचा एक आकडा. आवाजासाठी 46 वापरायची रीत आहे. तुमच्या राउटरला तो कळतो, पण घराबाहेर पडल्यावर त्याला मान द्यायचा की पुसून टाकायचा हे पुढची कंपनी ठरवते. घरगुती जोडणीवर बहुधा कुणी मान देत नाही. क्यूओएस नवी वाट तयार करत नाही, आहे ती वाटून देतं. डब्यावरच्या लाल दिव्यांचे पैसे द्यायचे असतील तर जरूर द्या. नाहीतर वर सांगितलेली पिंगची परीक्षा आधी करा, मग दुकानात जा.

प्रश्न (उचगाव): शिनोळीच्या बाजूला गेलं की फोन महाराष्ट्राचा टॉवर पकडतो आणि नेट रडतं. रोमिंगमुळे ना?

रोमिंगमुळे वाट थोडी लांबते, पण प्रकाश फायबरमधून 500 किलोमीटर जाऊन परत यायला 5 मिलीसेकंदच घेतो. रडतं ते टॉवर दूर असल्यामुळे किंवा त्याच्यावर गर्दी असल्यामुळे. फोनच्या सेटिंगमध्ये सिग्नलचा आकडा बघा; उणे 110 डीबीएमच्या पलीकडे असेल तर दोष रेंजचा. त्याच जागी दुसऱ्या कंपनीचं सिम लावून बघितल्याशिवाय पोर्ट करू नका.

प्रश्न (उद्यमबाग, फाउंड्री): ऑफिसात 25 कॉम्प्युटर, आयपी फोन आणि कॅमेरे एकाच स्विचवर आहेत. दुपारी फोनवर बोलणं अशक्य होतं. फोनला सर्वात वरचं प्राधान्य द्या असं एकाने सुचवलं.

द्या, पण त्याला टोपण घाला. जी.711 (आयपी फोनवर आवाज पाठवायची नेहमीची पद्धत) चा एक कॉल एका दिशेला साधारण 90 किलोबिट घेतो. दहा कॉल एकदम चालले तरी 1 मेगाबिटच्या आत. तेवढीच प्राधान्याची रांग राखून वर मर्यादा ठेवा. मर्यादा नसेल आणि एखादा कॅमेरा चुकून त्या रांगेत शिरला, तर बाकी ऑफिस उपाशी राहील. फोन, कॅमेरे आणि कॉम्प्युटर वेगवेगळ्या व्हीलॅनमध्ये (एकाच स्विचवर पाडलेली वेगळी जाळी) टाका. साधा, सेटिंग नसलेला स्विच असेल तर यातलं काहीच जमणार नाही, मॅनेज्ड स्विच घ्यावा लागेल. पण खरेदीआधी नेटवर्क इंजिनिअरकडून दुपारच्या वेळी मोजणी करून घ्या आणि अहवाल लेखी मागा. जो मोजायच्या आधीच कोटेशन देतो त्याला चहा पाजून वाटेला लावा.

प्रश्न (अनगोळ): राउटर रोज रात्री बंद करावा का?

गरज नाही.

प्रश्न (वडगाव): जुनं घर, जाड भिंती. मागच्या खोलीत वाय-फाय पोचत नाही. रेंज वाढवणारा डबा लावू का?

आधी राउटर टीव्हीच्या मागून काढून मधल्या खोलीत, उंचावर ठेवा. 2.4 गिगाहर्ट्झवर चॅनल 1, 6 किंवा 11 च निवडा, मधलं कुठलंही घेतलं तर शेजाऱ्यांच्या दोन चॅनलवर पाय पडतो. तरी जमलं नाही तर वायर ओढून मागे दुसरा ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय देणारा डबा) लावा. वायरविना काम करणारा स्वस्त रिपीटर त्याच रेडिओवर ऐकतो आणि त्याच्यावरच पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो.

प्रश्न (संकेश्वर): तीन महिने नेट रोज संध्याकाळी बसतं. ऑपरेटरला फोन केला की "बघतो" म्हणतो. ट्रायकडे जाऊ का?

तीन महिने थांबलात कशाला? ट्राय ही दूरसंचार नियामक संस्था, ती एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत बसत नाही. तिच्या 2012 च्या नियमांप्रमाणे आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंद करायची आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक, घ्यायचा. तिथे मुदतीत काम झालं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे 30 दिवसांच्या आत लेखी अपील करायचं. ऑपरेटरच्या मोबाइलवर केलेल्या फोनला डॉकेट नसतो, म्हणून तुमचे तीन महिने कागदावर शून्य आहेत. आज रात्री 8 ला आणि उद्या सकाळी 6 ला, वायर लावून, पिंग आणि स्पीड दोन्हीचे फोटो काढा. सकाळी बरं आणि रात्री वाईट असेल तर गर्दी ऑपरेटरच्या पुढच्या लाइनवर आहे, तुमचा राउटर बदलून काही होणार नाही. दोन्ही फोटो जोडून उद्याच नोंद करा. अपीलाची वेळ आली तर अर्ज धाडण्याआधी जवळच्या ग्राहक मार्गदर्शन केंद्रात किंवा वकिलाला दाखवून घ्या.