रगतपिती म्हणजे ल्युकेमिया नव्हे

वेंगुर्ल्याच्या एका शिक्षिकेने विचारले आहे: शाळेच्या विज्ञान फलकासाठी कर्करोग-संशोधक डॉ. कमल रणदिवे यांच्यावर मजकूर लिहिताना 'त्यांनी ल्युकेमिया आणि कुष्ठरोग यांवर संशोधन केले' असे वाक्य आले. गावातली जुनी माणसे रगतपिती म्हणतात तो ल्युकेमियाच ना? आणि ल्युकेमियाला चांगला मराठी शब्द कोणता?

नाही, बाई. रगतपिती म्हणजे कुष्ठरोग. तुमच्या वाक्यात ती आहेच, पण 'आणि'च्या पलीकडे. नुसते 'रगत' कानावर पडले की लोक रक्ताचा कर्करोग समजून मोकळे होतात, आणि हे ऐकून ऐकून आता चीड येते. भरीला आयुर्वेदातले रक्तपित्त यात ओढतात. ते नाकातोंडावाटे किंवा खालच्या मार्गाने रक्त पडण्याचे दुखणे, त्याचा या दोहोंशी संबंध नाही.

फलकावर 'कुष्ठरोगाचा विषाणू' असे मात्र कुणाला लिहू देऊ नका. नॉर्वेच्या डॉक्टर हान्सेनने १८७३ साली पाहिला तो जिवाणू. रणदिवे यांच्याबाबत ही गफलत जास्तच बोचते, कारण त्यांच्या कामात दोघेही आहेत. कर्करोगाची प्रवणता, संप्रेरके आणि कर्करोगाची गाठ उठवणारा विषाणू यांचे नाते त्यांनी शोधले. जिवाणू आला कुष्ठाच्या कामात. मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी, त्यांचे गुरू डॉ. वसंत खानोलकर आणि सहकाऱ्यांनी कुष्ठरुग्णाच्या ऊतींतून एक जिवाणू वेगळा काढून वाढवला आणि १९५८ मध्ये ते काम प्रसिद्ध केले. (आडनावातली खानोली तुमच्याच तालुक्यातली.) कुष्ठाचा मूळ जिवाणू प्रयोगशाळेतल्या कृत्रिम माध्यमावर आजही वाढत नाही, म्हणून या कामाचे मोल. हा जिवाणू पुढे वेगळ्या गटातला ठरला, तरी कुष्ठावरची एक लस त्याच्यापासूनच तयार झाली.

आता ल्युकेमिया. कर्करोगातला खेकडा सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात वेळ घालवत नाही. १८४५ साली जर्मन डॉक्टर फिरखोने 'पांढरे रक्त' म्हणून एका रोग्याची हकिगत लिहिली आणि १८४७ मध्ये ग्रीक 'ल्युकोस' म्हणजे पांढरे, लखलखीत, आणि 'हैमा' म्हणजे रक्त यांची सांगड घालून नाव दिले. एडिंबरोच्या डॉक्टर बेनेटने त्याच वर्षी, १८४५ मध्ये, तसाच रोगी पाहिला होता. बेनेटला तो रक्तात झालेला पू वाटला. त्याने सुचवलेले लांबलचक नाव मागे पडले, आणि बरे झाले.

हा 'ल्युकोस' आपल्या 'रुच्' धातूचा सख्खा भाऊ आहे. मूळचा 'ल' संस्कृतात 'र' झाला. रुच् म्हणजे झळकणे. त्यातून रुक्म, म्हणजे सोने, आणि रुक्मातून रुक्मिणी. तीच आपली रखुमाई! झळकणारे ते मनाला आवडते, म्हणून 'रुचणे', आणि जिभेला आवडते ती 'रुची'. मालवणात सोलकढी रुचते तेव्हाही हाच धातू बोलत असतो. लॅटिनमधला 'लुक्स', म्हणजे उजेड, हाही त्याच कुळातला. 'लोचन'मधला 'लोच्' याच घरचा, फक्त त्याचा 'ल' शाबूत राहिला, असे माझे ठाम मत आहे. ग्रीकांनी शब्द आपल्याकडून उचलला असे छातीठोक सांगणारे व्युत्पत्तिकार मला मुळीच पटत नाहीत. भावंडे एकमेकांपासून जन्मत नाहीत. आईच्या पोटी जन्मतात.

म्हणून ल्युकेमियासाठी 'श्वेतरक्तता' हा शब्द घडवणाऱ्या परिभाषाकारांशी माझे भांडण आहे. रोग्याचे रक्त लालच दिसते. बिघाड रक्तपेशी तयार करणाऱ्या अस्थिमज्जेत असतो, आणि बहुधा बेसुमार वाढतात त्या पांढऱ्या पेशी. ज्या शब्दात रखुमाईचे नाव आहे तो परका कसा? 'पांडुरोग' तर साफ चूक, तो रक्तक्षय.

फलकावर 'ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग)' लिहा. आणि नुसते 'संशोधन केले' लिहून थांबू नका. प्राण्यांवरच्या प्रयोगांतून ल्युकेमिया, स्तनाचा आणि अन्ननलिकेचा कर्करोग कसा उद्भवतो हे त्यांनी तपासले, त्याच केंद्रात देशातली पहिली ऊती-संवर्धन प्रयोगशाळा उभारली, १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना स्थापण्यात पुढाकार घेतला आणि १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. जागा उरली तर कंसात रुच् धातूही लिहा.