टांगलेली चटई? नाही!

एका जर्मन शिकणाऱ्याने विचारलंय: शब्दाचा अर्थ कुठेही मिळतो, पण तो आला कुठून हे नेटवर फुकटात कुठे पाहावं? जोडीला एक शंकाही आहे. 'हेंगेमाटे' म्हणजे दोन झाडांना बांधायची झोळी. 'हेंगेन' म्हणजे टांगणे, 'माटे' म्हणजे चटई. मग व्युत्पत्ती उघडच आहे ना?

तिथेच तर गंमत आहे. मूळ शब्द कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो भाषेतला, 'हामाका'. स्पॅनिश लोकांनी तो युरोपात आणला. डचांना त्यात आपलं 'टांगणे' आणि 'चटई' ऐकू आलं, त्यांनी तो तसा वाकवला, आणि सतराव्या शतकात तेच रूप जर्मनमध्ये आलं. हामाकाचा चटईशी काडीचा संबंध नव्हता.

असं काही तपासायचं तर आधी 'डे-वे-डे-एस' (DWDS) हे संकेतस्थळ उघडा. बर्लिन-ब्रांडेनबुर्ग विज्ञान अकादमीचा हा कोश आहे. शब्द टाकून पान खाली सरकवलं की 'एटिमोलोगी' असा मथळा दिसतो. तो मजकूर वोल्फगांग प्फायफर यांच्या व्युत्पत्तिकोशातला (पहिली आवृत्ती १९८९). भाषांची नावं त्यात संक्षेपाने लिहिलेली असतात, दोन दिवसांत सवय होते. शब्दाआधी तारा दिसला तर ते रूप कुठल्या हस्तलिखितात सापडलेलं नाही, इतर भाषांशी ताडून अभ्यासकांनी बांधलेलं आहे, एवढं ध्यानात ठेवा.

ग्रिम बंधूंचा कोश ट्रियर विद्यापीठाच्या 'व्योर्टरबूखनेट्स' या संकेतस्थळावर आहे. १८५४ साली पहिला खंड निघाला, काम संपायला १९६१ उजाडलं. याकोब ग्रिम १८६३ मध्ये गेले तेव्हा 'फ्रुख्ट', म्हणजे फळ, या नोंदीपर्यंत पोचले होते. जुन्या लेखकांची अवतरणं हवीत तर याला तोड नाही, पण व्युत्पत्तीसाठी मी प्फायफरच धरतो. ग्रिम तिथे जुने झालेत. शिवाय त्यात नामंही लहान अक्षराने सुरू होतात आणि अर्थ पुष्कळदा लॅटिनमध्ये. नवशिक्याचा जीव जातो.

आणि नुसत्या कानावर विसंबू नका. 'हाबेन' (जवळ असणे) आणि त्याच अर्थाचं लॅटिन 'हाबेरे' सख्खे भाऊ वाटतात, पण नाहीत. लॅटिन शब्दारंभीच्या 'क'च्या जागी जर्मनमध्ये 'ह' सापडतो: शंभरला तिकडे 'केंटुम', इकडे 'हुंडर्ट'. त्या हिशेबाने 'हाबेन'चं नातं 'कापेरे'शी, म्हणजे पकडण्याशी.